‘साडेबारा टक्के’मधला माझा वाटा

३ नोव्हेंबर, सोमवार
राजश्रीचा मेल. ती ‘कानगोष्ट’ ही संगीताची वेबसाइट चालवते, मी तिथे अधूनमधून लिहितो. ‘साडेबारा टक्के’ या आपल्या घणसोलीच्या रॉक बँडचा संग्रह येतोय, एकवीस तारखेला. नाव ‘जमलेलं आणि उरलेलं’. बारा गाजलेली गाणी आणि सात आजवर कुठेच बाहेर न आलेली. आठशे शब्दांत परीक्षण हवं, तेरापर्यंत.

तिने मलाच का विचारलं? मी या बँडमध्ये होतो हे तिला माहीत नाही. की आहे?

होतो म्हणजे होतोच. २०१०, पहिला बेस गिटारवाला. नवी मुंबई वसवताना जमीन गेलेल्या घरांना मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळायचे, त्यावरून नावही मीच सुचवलं होतं. तेजस, म्हणजे गाणारा, सगळीकडे सांगतो की त्याच्या काकाने सुचवलं. आठ महिन्यांनी कलात्मक मतभेदांमुळे मी बाहेर पडलो.

हो म्हणून कळवलं. संकल्प : संपूर्ण निःपक्षपातीपणा. म्हणून टोपणनाव घेतलं. ‘त्रयस्थ’.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गाण्यांची लिंक आली. ऑफिसात हेडफोन लावून पहिली बारा ऐकली. चांगली आहेत. यांत मी नाही, ही माझ्यानंतरची. म्हणूनच फक्त ‘चांगली’.

खरा प्रश्न ‘उरलेलं’चा आहे. ती सात गाणी काकीच्या, म्हणजे तेजसच्या आईच्या, भात साठवायच्या खोलीत रेकॉर्ड झालेली. माझ्याच काळात, मी बाहेर पडलो त्या सुमारापर्यंत.

आता इथे खरं लिहायला हरकत नाही. पंधरा वर्षं मी घरी, ऑफिसात, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सांगत आलोय की मी त्या बँडमध्ये होतो. पुरावा शून्य. एक फोटो आहे, त्यात माझ्यापुढे फ्रिज आलाय. ऑफिसातला केयूर मला ‘रॉकस्टार’ म्हणतो आणि हसतो. कुठेतरी छापील माझं नाव यायला हवं, बस. एवढंच हवंय मला.

५ नोव्हेंबर, बुधवार
सातही ऐकली. पाचांत बेस नाहीच. दोनांत आहे.

पंधरावं, ‘मिठागर’. बेस असा की महाप्याच्या ऑफिसात, डेस्कवर, डोळ्यांत पाणी आलं. सतरावं, ‘कंटेनर’. न्हावा शेवा बंदरातल्या ट्रकवाल्यांवरचं गाणं. शब्द उत्तम, बेस भयानक. ताल एकीकडे, हा दुसरीकडे.

उघड आहे. एक मी, एक प्रितम. हा दिघ्याचा मुलगा, माझ्या जागी आला आणि अजून तिथेच आहे. कोणता कोण ते सांगायची गरज नाही. स्वतःची बोटं माणूस ओळखतो.

पण लिंकसोबत वादकांची नावं नाहीत. ‘पुस्तिकेत येतील’ एवढंच. का? काय लपवायचंय?

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पुरावा सापडला!

लिंकच्या तळाशी बँडच्या जुन्या वहीच्या पानाचा अर्धवट स्कॅन आहे. कडा कापलेल्या. तेजसचं अक्षर. तिसरी ओळ स्वच्छ : ‘मिठागर – हरेश बास’.

हरेश म्हणजे मी. बास म्हणजे बेस गिटार. इंग्रजी स्पेलिंग बघून कुणीही तसंच लिहील, आणि तेव्हा आमच्यात उच्चार कुणाला येत होता! मी स्वतः वर्षभर बासच म्हणायचो.

नमिताला दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली. कुकर लावलेला नव्हता. बायकोला नवऱ्याचं नाव झालेलं आवडत नाही असं वाचलं होतं. आमच्याकडे तसं नसेल असं वाटायचं.

९ नोव्हेंबर, रविवार
चौकशीसाठी घणसोलीला गेलो. तेजस घरी नव्हता. मी येणार हे त्याला कसं कळलं?

काकी होती. “कवा आलास? जेवल्याबिगर जाव नको,” म्हणाली. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. सावध राहून जेवलो. मग सहज विचारावं तसं विचारलं, की काकी, प्रॅक्टिसचे दिवस आठवतात का? म्हणाली, “आठवतंय त! एक पोरगा व्हता. त्याचा वाजवना चालू झाला का आमचा कुत्रा उठून शेजारच्या सगुणाच्या वट्यावर जायचा. बंद झाला का परत यायचा.” आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

मी म्हटलं, काकी, बिचाऱ्या प्रितमला असं हसू नये. त्यावर ती आणखीच हसली. वय झालंय.

निघताना तिने बोंबलाची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, “तेजस तुजी लय आठवन काढतंय.” आठवण काढतो, पण फोन करत नाही. लक्षात ठेवलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार
नवा संशय. ‘मिठागर’वरून माझं नाव काढून प्रितमचं घातलं तर? पुस्तिका अजून छापखान्यात असेल. तेव्हा परीक्षणात आधीच दोन्ही बेसांमधला फरक ठणकावून सांगायचा. मग पुस्तिकेत काहीही छापा, लोकांचे कान उघडे असतील.

संकल्प : कोणाचंही नाव घ्यायचं नाही. सभ्यता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
परीक्षण झालं. आठशेपैकी सहाशे दहा शब्द बेसवर गेले, पण संग्रहाचा तोल तिथेच आहे.

‘मिठागर’बद्दल : ‘हा अनामिक वादक कोण? तो पुढे कुठे गेला? मराठी रॉकने त्याला जपलं का?’ हे लिहून तीनदा मोठ्याने वाचलं.

‘कंटेनर’बद्दल : ‘वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय आणि खालच्यांनी त्याला गाणं समजावं अशी अपेक्षा आहे. या माणसाच्या हाती गिटार कुणी दिली, आणि परत का घेतली नाही?’

नमिता म्हणाली की हे जरा लागेल हो कुणालातरी, आज ठेवा, उद्या पाठवा. क्षणभर प्रितमचं वाईट वाटलं. साधा माणूस आहे. माझी जागा घेतली तेव्हाही आधी माझ्या घरी येऊन चालेल ना विचारून गेला होता. म्हणजे अपराधी वाटतच होतं त्याला.

पाठवून दिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आलं! राजश्रीने ‘मिठागर’चे दोनशे शब्द उडवलेत. ‘कपाट’ पूर्ण ठेवलंय. मथळाच केलाय : ‘कपाट सरकवणारा बेस’. माझ्या लेखाचा कणा काढून घेतला, पण वाचलं खूप जातंय.

दुपारी केयूरने कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले. ‘कोण आहे हा त्रयस्थ, खतरनाक लिहितो,’ म्हणाला. मी नम्रपणे डबा खात राहिलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
तेजसचे तीन मिस्ड कॉल. प्रितमचे दोन.

पंधरा वर्षांत दिवाळीच्या फॉरवर्डशिवाय काही नाही, आणि आता पाच कॉल. उचलले नाहीत. त्रयस्थ मीच, हे त्यांना कळलंय. एक तर धमकी देतील, नाहीतर पाया पडतील. दोन्हीची तयारी ठेवलीय. तेजसने व्हॉइस मेसेजही पाठवलाय, सव्वा मिनिटाचा. ऐकणार नाही. ऐकला की निळी टिक जाते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
कुरिअर आलं. पाठवणारा तेजस. आत सीडीचा डबा आणि जाड पुस्तिका. मी काही मागवलं नव्हतं. दार लावून घेतलं.

पान बावीस.
‘१५. मिठागर – बेस गिटार : प्रितम.’
वाटलंच होतं! केलाच बदल! तोच संशय!

मग खाली.
‘१७. कंटेनर – बेस गिटार : हरेश.’

समोरच्या पानावर वहीचा तोच फोटो, पण अख्खा. तिसरी ओळ : ‘मिठागर – हरेश बास. उद्या प्रितमला बोलवू.’

बास म्हणजे बास. पुरे.

त्याखाली प्रितमने चार ओळी लिहिल्यात. ‘कंटेनरचा बेस नीट वाजवून दे असं मला स्टुडिओत सांगितलं होतं. मी नाय म्हटलं. हे गाणं हरेशने आमच्यासोबत बांधलंय. जसं हाय तसं त्याचं राहू दे.’

पुस्तिका मिटली. थोड्या वेळाने उघडून नाव परत पाहिलं. छान छापलंय. ठळक.

नमिताने बाहेरून विचारलं, काय आलंय? मी म्हटलं, बिल.

जेवण गेलं नाही. पंधरा वर्षं ज्या माणसावर संशय घेतला, त्याने माझं नाव सांभाळून ठेवलं होतं, आणि मी सगळ्या महाराष्ट्राला त्यावर हसवलं. मला लाज वाटतेय. हे टोपणनावाने लिहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
तेजसचा मेसेज शेवटी ऐकला. “हरेश, एक काम कर, ती कानगोष्टची साइट उघडू नको. तुज्यावर कोनतरी फालतू माणसाने लिवलंय. तू टेन्शन घेशील म्हनून आधीच सांगतंय. आमी बघतो काय करायचं ते.”

हे सांगायला केले होते कॉल. मी ते वाचू नये म्हणून.

फोन केला. मी काही बोलायच्या आत तोच सुरू झाला. काकीने ते परीक्षण कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि दोन दिवस त्या त्रयस्थाच्या सात पिढ्या काढतेय. आमच्या पोराला आम्ही हसू, बाहेरच्याने हसायचं नाही, असं म्हणतेय. मग म्हणाला की सहा डिसेंबरनंतरच्या रविवारी वाशीला कार्यक्रम आहे, त्यात ‘कंटेनर’ला तूच पाहिजेस.

आत्ता खरं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. मी म्हटलं, तेजस, तो माणूस अगदीच चूक नसेलही. तो म्हणाला, बघ, किती मोठं मन हाय तुजं.

संकल्प : उद्या सांगायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज रविवार. रविवारी माणसाचा मूड खराब करू नये.

२४ नोव्हेंबर, सोमवार
राजश्रीचा मेल. प्रितमने ‘कानगोष्ट’ला उत्तर पाठवलंय, ‘कंटेनर’च्या बेसची बाजू घेणारं, साडेचारशे शब्दांचं. ते छापतेय. त्रयस्थांनी त्यावर दोनशे शब्दांत बोलावं, वाद चांगला रंगेल.

प्रितमचं उत्तर वाचलं. त्याने माझ्या बेसमध्ये ट्रकचे गिअर, बंदरातली वाट बघणारी रांग, ड्रायव्हरची झोप असं काय काय ऐकलंय. गाणं परत लावलं. तीन वेळा ऐकलं. मला यातलं काहीच ऐकू येत नाही.

संध्याकाळी त्याचाच फोन. म्हणाला, शनिवारी दिघ्याला प्रॅक्टिस ठेवलीय, तुझ्याकडे गिटार नसेल तर माझी घे. मग म्हणाला, “हरेश, तू कॉम्प्युटरमधला माणूस. हा त्रयस्थ कोन हाय, शोधून काढ ना. मला फक्त त्याच्या घरी जाऊन विचारायचंय, बाबा, तुझं आमी काय वाईट केलं?”

मी म्हटलं, शोधतो.

किती दिवस लागतील, विचारलं. मी पुढचा शुक्रवार दिला.