डेकवरची पावलं

तेरेखोल, मंगळवार, १० मे १९८८

किळस आली आज. खाडीत नांगरलेल्या गोऱ्यांच्या शिडाच्या बोटीला माझी भावजय शालन आमच्या विहिरीचं पाणी पोचवते. विहिरीचा तळ दिसतोय, तरीही. आज डिझेलचा कॅन धरून मीही होडीतून सोबत गेले. ओहोटीचा चिखल तुडवून आलेली शालन डेकवर चढली, पाण्याचा कॅन ठेवून उतरली. गोऱ्या बाईने लगेच तोच कॅन ओतून डेकवर उमटलेली तिची चिखलाची पावलं पुसली. प्यायच्या पाण्याने! वर न चढता पाणी द्यायचं कसं?

"बोट न्हाली वन्सं, आमी पारोशी," शालन हसली.

ती पावलं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

संध्याकाळी तिचे सुजलेले पाय चेपायला घेतले, तर तिने ते साडीखाली ओढले.

"नाका वन्सं, बुरशे आसत."

घाणेरडे? घरी आल्याबरोबर घासून धुतले होते तिने.