उभ्या गाडीचा ठोका

बाबा, परवा नातवाने नवी गाडी आणली. टर्बो आहे म्हणे. इंजिन ठोकायला लागलं तर आतलं यंत्र स्वतःच ते ऐकतं आणि पेट्रोलचं माप सांभाळून घेतं, असं तो मला शिकवत होता. मी म्हटलं, मेल्या, हे काम माझा बाप नुसत्या कानाने करायचा. तो हसला. मला हसू येईना. ठोका म्हटलं की मला तुझं लालबागचं गॅरेज आठवतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. हरताळ, म्हणून तुझी माणसं कामावर आली नव्हती. दादा सकाळीच मोर्चात गेला होता, आईला न सांगता. मी तुझा डबा घेऊन आले आणि मागे रस्ता बंद झाला. तू फळ्या लावून घेतल्यास आणि मला दुरुस्तीला आलेल्या एका शेटच्या जुन्या विलायती गाडीत बसवून इंजिन चालू केलंस. त्या गाडीला पुढे हवा कोंबणारा पंखा होता. तू समजावत होतास की हवा जास्त कोंबली तर पेट्रोलही त्या मापाने वाढवावं लागतं. कमी पडलं की आत आग अवेळी भडकते, इंजिन ठोकतं आणि पिस्टनला भोक पडतं. एरवी एक शब्द विचारला तर खेकसणारा तू, त्या दिवशी तुझं तोंड थांबत नव्हतं.

मग टक टक ऐकू आलं. जरा थांबून पुन्हा, सलग. तू बॉनेटमधून डोकं वर न काढता म्हणालास, "काय नाय गो, इंजान ठोकता. पेडल दाब."

मी दाबते. तू स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतोस. पुन्हा टक टक, पुन्हा स्क्रू. पेट्रोल इतकं होतं की काळ्या धुराने डोळे चुरचुरतात, इंजिन गदगदतं आणि गचकन बंद पडतं. टक टक चालूच राहते, नाक्याच्या बाजूने, माणसांच्या ओरडण्यासकट. तू बंद पडलेल्या इंजिनाचा स्क्रू फिरवतच राहिलास. तू म्हणालास, "तो हुशार आसा. येतलो." मी कुणाचं नावही काढलं नव्हतं.

दादा उन्हं उतरल्यावर आला, मागच्या भिंतीवरून. सदऱ्यावर रक्त, दुसऱ्या कुणाचं तरी. तू त्याला रागे भरला नाहीस. ग्रीसचे हात त्याच्या पाठीवरून, पोटावरून फिरवत राहिलास, कुठे भोक तर नाही ना ते बघत. घरी गेल्यावर आईला सांगितलंस की गाडी फार ठोकत होती, म्हणून उशीर झाला. आई म्हणाली, जळली मेली ती गाडी.

आता दादाही नाही, आणि हे पत्राचे कागद कुठल्या पेटीत टाकायचे तेही मला ठाऊक नाही. पण बाबा, तू गाड्या तपासायला चिंचपोकळीच्या पुलावर न्यायचास ते कशासाठी, हे मला तेव्हाही माहीत होतं. उभी गाडी तशी ठोकत नाही, चढावर ओझं ओढतानाच ठोकते. नाक्यावर गोळ्या सुटतायत, हे मला पहिल्याच आवाजाला कळलं होतं. तू घाबरू नयेस म्हणून मी पेडल दाबत राहिले.