भिंतीपलीकडची ऊब

३ डिसेंबर
आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी, एक रजई आणि मी. कंपनीनं सातव्या मजल्यावर घर दिलंय. समोरची इमारत इतकी जवळ, की खिडकीतून हात लांब केला तर त्यांच्या वाळत घातलेल्या मोज्यांना चिमटा लावता येईल. वॉचमनकाकांनी बॅगा वर आणायला मदत केली. लिफ्ट लाथ घातल्याशिवाय हलत नाही, तेव्हा ती नेमकी कुठे घालायची हेही दाखवलं.

काम मजेचं आहे. याच इमारतीचे अकरा मजले, चव्वेचाळीस घरं. प्रत्येक घराला हिवाळ्यात किती ऊब लागेल, उन्हाळ्यात किती गारवा, याचा हिशोब मांडायचा. त्यावरून यंत्रं केवढी बसवायची ते ठरणार.

ताईचा फोन आला. जेवलीस का, कडी नीट लागते का, शेजार कसा आहे. या मजल्यावर मी एकटीच आहे म्हटल्यावर ती म्हणाली, एकटीनं राहायची हौस फिटली की कळव.

६ डिसेंबर
खालच्या सहा मजल्यांची मापं झाली. खिडक्या किती, कुठल्या दिशेला, भिंती किती जाड, घरात माणसं किती. माणसंही मोजावी लागतात, कारण नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना हे सांगितलं, तर बायकोकडे बघत म्हणाले, हिचे दोनशे धरा. आजी हसता हसता खोकायलाच लागल्या. मला तिथून निघावंसंच वाटेना.

संध्याकाळी माझ्या घराचा तक्ता भरला. ‘माणसं’च्या रकान्यात ‘एक’ लिहिलं आणि उगीचच बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

९ डिसेंबर
काहीतरी चुकतंय. रिकाम्या घरांत तापमान नोंदणाऱ्या डब्या ठेवल्या होत्या. सगळीकडे आठ अंश. फक्त माझ्या शेजारच्या बंद घरात अकरा. तिथे हीटर नाही, दिवा नाही, वीजच तोडलेली आहे. आत फक्त एक लाकडी खुर्ची, पाठ माझ्या घराच्या भिंतीला लावून ठेवलेली. तीन अंशांचा हिशोब तीनदा मांडला. तिन्ही वेळा उत्तर एकच, शंभर वॅट.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, डबी बदला आणि माझ्या डोक्याचा ताप वाढवू नका. डबी बदलली. अकराच.

१२ डिसेंबर
वॉचमनकाकांना खोदून विचारलं. आधी टाळलं, मग सांगितलं. तिथे टायपिंग शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या, एकट्या. येणाऱ्याजाणाऱ्याला घरात बोलवायच्या. लोक घाईत आहोत म्हणून सटकायचे. काकाही सटकायचे, तेही त्यांनीच सांगितलं. एका हिवाळ्यात बाईंचा हीटर बंद पडला. दोनदा तक्रार केली, कुणी आलं नाही. माझ्या घरात तेव्हा मोठं कुटुंब होतं, भिंत कोमट असायची. बाई तिला पाठ लावून बसायच्या. मग ते कुटुंब घर सोडून गेलं. बाई सापडल्या त्या आठ दिवसांनी, खुर्चीतच.

भीती नाही वाटली. फार वाईट वाटलं. संध्याकाळी मीही त्या भिंतीशी जाऊन बसले. भिंत उबदार होती, पाठीला पाठ लावून कुणी बसल्यासारखी.

१५ डिसेंबर
आता रोज तिथेच बसते. जेवणही तिथेच. आज दिवसभरात काय काय झालं ते सगळं भिंतीला सांगितलं. या शहरात माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

१८ डिसेंबर
शेजारच्या घरात चौदा अंश. म्हणजे दोनशे वॅट. माझ्या घरात हीटर पूर्ण चालू असून दहा. हीटर ठीक आहे, मी स्वतः उघडून तपासला.

आजोबांना तक्ता द्यायला गेले. बोटाला बोट लागलं तर त्यांनी हात झटकन मागे घेतला. म्हणाले, पोरी, बर्फात काम करतेस की काय?

औषधवाल्याकडून थर्मामीटर आणला. सदतीस हवं, तिथे चौतीस. त्यानं बदलून दुसरा दिला. चौतीस.

२० डिसेंबर
तेहेतीस. बोटं वळत नाहीत.

ताईला फोन केला. माझा आवाजच तिला नीट ऐकू येईना. म्हणाली, काल तर किती छान बोललीस, आज काय झालं?

काल मी फोन केलाच नव्हता.

म्हणाली, बोलावलंयस ना, मग रविवारी येतेच. नको येऊस, म्हणून ओरडले — तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावला. आता लागतच नाही.

२१ डिसेंबर
निघाले होते. बॅग न घेताच. वॉचमनकाका दारातच उभे होते, त्यांना हाक मारली. त्यांनी नुसता मफलर घट्ट केला आणि कुठून वारा येतोय ते बघायला लागले.

रस्त्यावर दहा पावलं — त्यापुढे पाय उचलेना. परत आले. भिंतीशी बसायचं नाही असं ठरवलं होतं.

बसले.

२२ डिसेंबर, रविवार, दुपार
भिंत गार पडली आहे. आता तिथेही काही नाही —

लिफ्ट. ताईची पावलं, तिच्या चपलेचा आवाज.

बेल वाजली. माझी नाही. शेजारची.

दार उघडलं. आतून कुणीतरी ताईला लाडाच्या नावानं हाक मारली — माझ्याच आवाजात. ताई हसतेय. म्हणतेय, किती उबदार आहे गं तुझं घर, आणि तुझे हात बघ किती गरम.

उठून दाराशी गेले. कडी निघत नाही. बोटांना जोरच नाही.

भिंतीवर मुठी आपटल्या. ताईनं विचारलं, कसला आवाज येतोय? माझा आवाज म्हणाला, कसलाच नाही गं, बाजूचं घर रिकामंच आहे. तू बस ना, दमली असशील.

खुर्ची सरकली. ताई बसली. इथेच, माझ्यासमोर, मध्ये फक्त विटा —

भिंत कोमट होतेय.

ही ताईची ऊब आहे. मी घेतली तर ती —

पाठ टेकणार नाही. काहीही झालं तरी नाही.

फार थंडी आहे, ताई

फक्त हात ठेवलाय. एकच हात, थोडा वेळच, मग लगेच काढून