आमचा दादा कसला त्सादिक!

५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे बाबा त्सादिक झालेत! म्हणजे देवाच्या जवळचा सत्पुरुष. लोकांनीच केलंय. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं शिलाई मशीन दुरुस्त करताना बाबा नेहमीप्रमाणे स्तोत्रं पुटपुटत होते. बाईंचा नवरा इस्पितळात बेशुद्ध. त्यांनी त्याचं नाव सांगितलं, बाबांनी मान डोलावली आणि शटलला तेल घातलं. संध्याकाळी नवऱ्यानं डोळे उघडून पाणी मागितलं. शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेला बाईंनी सिनेगॉगभर सांगितलं. आता दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उघडायच्या आत रांग लागते. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा गुडघा. मशीन एकाकडेही नसतं!

बाबा म्हणतात, देवाकडे माझा काही वशिला नाही. लोक म्हणतात, बघा, किती नम्र! रांग वाढतेच. परवा ते मागच्या दारानं पळाले, तर गल्लीत पोस्टमननं गाठलं. दुकान विकून तुझ्याकडे येतो म्हणतायत. खरंच थकलेत गं. काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र लॉन्ड्रीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की माझ्या हाताखालच्या इस्त्रीवाल्या बायका धावत आल्या. लहानपणी मला कपाटात कोंडून गोट्या खेळायला पळालेला दादा तो! रांगेत एवढं सांग, निम्मी कमी होईल.

थट्टा राहू दे. मला हे पटत नाही. देवाला सरळ हाक मारता येते, मध्ये माणूस कशाला? पण मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? तुझे आतोबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून प्रार्थनेचं पुस्तक उघडते, ओठ हलवते, आत काही हलत नाही. दादाला सांगू नकोस.

मंगळवारी अर्धी रजा घेतली, दवाखान्यात किरकोळ काम होतं. दुकान मात्र विकू देऊ नकोस. रिकामा बसला की तो माझं धडधाकट मशीन खोलून ठेवेल.

माया आहेच, ती वाढव.
आत्या

२० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

किरकोळ म्हणजे काय ते लिहिलं नाहीस. लिही.

तुझी शंका तुझं नाव न घेता सिनेगॉगमधल्या आमच्या रब्बींना विचारली. ते म्हणाले, मागायचं ते देवाकडेच. पण काही माणसांच्या शेजारी बसलं की देव जवळ आहे हे आपल्यालाही कळतं, थंडीत शेगडीपाशी सरकल्यासारखं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, मग दुसरी शेगडी शोधा म्हणावं!

शेवटी तोड त्यांनीच काढली. येणाऱ्यानं, आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत घेतात तसं, आपलं आणि आईचं नाव कागदावर लिहून बॉबिनच्या डब्यात टाकायचं, आणि दुसऱ्या कुणाचा तरी कागद घरी नेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. पोस्टमनच्या वाट्याला एक खडूस मास्तर आले. आता तो पत्र नसलं तरी त्यांची बेल वाजवतो. दुकानाबाहेर बाकं आलीत. बाबा आत पुटपुटत मशीन जोडतात, लोक बाहेर ऐकत बसतात. मला तर बाबांचं घोरणंसुद्धा पाठ आहे, तरी काल त्या बाकावर बसले आणि उठवेना.

सोबत एक उरलेला कागद आहे. बाबा म्हणाले, धाकटीला पाठव, ती शब्दाची पक्की आहे. नाव बेकरीवाल्याच्या मुलीचं. अकरा वर्षांची आहे, अडखळते म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही.

प्रकृतीला जप, नाहीतर भांडायला येईन.
चिमणी

१ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

लपवलं होतं ते सांगते. मानेत गाठ आहे. तुकडा तपासायला दिलाय, निकाल नऊ तारखेला.

तुझा कागद आला तेव्हा रागच आला. माझंच मला निस्तरेना, त्यात आणखी एक! पण दादा शब्दाची पक्की म्हणाला, मग काय करता? तीन दिवस नाव नुसतं वाचलं. चौथ्या दिवशी ती पोर वर्गात खाली मान घालून बसलेली डोळ्यांपुढे आली, आणि मी देवाशी भांडले. चांगली मोठ्यानं. एवढीशी पोर, बोलू दे की तिला, तुझं काय जातं! भांडता भांडता लक्षात आलं, नऊ वर्षांनी मी त्याच्याशी बोलतेय आणि तो खोलीतच आहे. मग रडले. मग सपाटून भूक लागली. स्वतःसाठी मागायचं राहूनच गेलं.

माझाही कागद डब्यात टाक. दादाच्या हाती लागू देऊ नकोस, आईच्या नावावरून ओळखेल.

तुझी,
आत्या

५ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

चिमणी कागद टाकताना सापडली. डब्यातली सगळी नावं मी वाटून टाकतो. तुझं कुणाला दिलं नाही, माझ्या खिशात आहे. आठ तारखेला सकाळच्या गाडीनं येतो. दवाखान्यात एकटी जायचं नाही.

बेकरीवाल्याची मुलगी वर्गात अजून गप्पच असते. पण काल बाकावर बसून हातातल्या कागदावरचं नाव अडखळत, मोठ्यानं म्हणत होती. मी मशीन थांबवून ऐकलं.

दादा

१० एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

गाठ साधी निघाली! आधी हे वाच, मग खाली बसून बाकीचं.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर आम्ही तासभर बसलो होतो. दादा खिशातला कागद मुठीत धरून बसला होता, आणि एक स्तोत्र आठवेल तर शपथ! आयुष्यभर मशीनपाशी म्हटलेलं सगळं पुसून गेलेलं. माझ्याकडे बघून म्हणाला, धाकटे, मला काही सुचत नाही गं. तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हणायला सुरुवात केली. एक ओळ मी, मागून तीच ओळ तो. नर्सनं नाव पुकारलं तरी आम्हाला ऐकू आलं नाही.

तो रविवारपर्यंत राहील.

तुझी,
आत्या