चुलीवरच्या डब्यातली कार्डे

मी, सुनयना तुकाराम मिराशी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार कॅसलरॉक, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही, कुणाची फूस नाही. मी शुद्धीवर आहे. परवापासून सुन्न आहे, पण आपले काय आणि दुसऱ्याचे काय हे सुन्न माणसालाही कळते. येत्या गुरुवारी बेळगावात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी परत येईन असे डॉक्टर म्हणतात. तरी लिहून ठेवलेले बरे. याआधीचा कच्चा मसुदा मी रद्द करते. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. घर. वडील रेल्वेत गँगमन होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे बांधले. माझ्या पश्चात ते माझ्या भावाची मुलगी स्नेहा हिचे. पावसाळ्याआधी पश्चिमेची भिंत झावळ्यांनी झाकायला तिने विसरू नये. आजारपणात दोन वर्षे ते माझ्याकडून राहिले.

कलम २. शिलाई मशीन, कापायचे टेबल आणि कात्री माझी शिष्या मयूरी हिला. त्या कात्रीने तिने कागद कापला, तर मी येऊन समोर उभी राहीन.

कलम ३. पोस्टात जे उरेल ते स्नेहाच्या शिक्षणाला. शेजारचे लक्ष्मणमामा यांच्याकडे माझी शिडी चार वर्षे आहे. ती त्यांचीच समजावी. मी मात्र विसरलेली नाही.

कलम ४. क्रिकेटपटूंची कार्डे. आम्ही लहान असताना स्टेशनच्या स्टॉलवर गमच्या पाकिटात एक कार्ड निघायचे. पुढे खेळाडूचा चेहरा, मागे त्याच्या धावा आणि बळी. माझा धाकटा भाऊ गुरुदास त्यांच्याशी खेळायचा. कार्ड जमिनीवर ठेवून शेजारी थापटी मारायची, उलटले तर आपले. मी ती लावून ठेवायचे, आधी देशवार, मग क्रमांकवार. उळवीच्या जत्रेत धारवाडच्या एका पोराशी खेळताना त्याने माझा मिशीवाला जलद गोलंदाज घालवला. घरी परतल्यावर वडिलांनी वाटणी केली. प्रत्येकातले एक मला, दुबार निघालेली सगळी गुरुदासला.

पुढे तो कुंभारवाड्याला शेती करू लागला आणि मी गोळा करत राहिले. कुरिअरने मागवली, अदलाबदल केली, बंगळूरहून प्लॅस्टिकच्या कप्प्यांचे अल्बम आणले. प्रत्येक कार्ड वेगळ्या कप्प्यात, तोंडाला चिकटपट्टी. हवा नको, धूळ नको, कुणाचा हात नको.

सात वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला गुरुदास स्नेहाला घेऊन आला. ती तेव्हा अकरा वर्षांची. तिला कार्डे बघायची होती. मी तिला दोनदा हात धुवायला लावले, आणि तरीही अल्बम माझ्याच हातात धरून लांबून दाखवला. गुरुदास म्हणाला, "अक्का, माणसं कोंडून ठेवलीयास तू." हरवण्यापेक्षा बरे, असे मी म्हटले. त्यानंतर तो या घरी आला नाही.

म्हणून कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते की कार्डे बेळगावचे संग्राहक अनिकेत यांना द्यावीत, ते हातमोजे घालून कार्ड उचलतात. आणि गुरुदासला काहीही नाही. रामनगरच्या वकिलांनी बजावले होते की ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नका. मग साक्षीला गुरुदासइतका योग्य माणूस मला कुठे मिळणार? फोन करून कारणासकट त्याला सांगितले.

"म्हंजे मला काय मिळायचं न्हाई, म्हणून बोलावतीयास व्हय?" तो म्हणाला. "येतो. सही तरी माझी लागतीया."

परवा तो आला. सहीआधी कार्डांचे वर्णन लिहावे म्हणून मी दोन पावसाळ्यांनंतर अल्बम उघडला. पहिले कार्ड ओढले तर हातात पांढरा पुठ्ठा आला. चेहरा प्लॅस्टिकला चिकटून मागे राहिला होता. दुसरे ओढले, तसेच. मी लावलेल्या पट्ट्यांनी ओल आतच कोंडली होती. मी ओढतच गेले, मला थांबता येईना. काही चेहरे डोळ्यांपर्यंत आले आणि तिथे फाटले. साक्षीला आलेले लक्ष्मणमामा दारातच उभे राहिले. शेवटी गुरुदासने अल्बम माझ्या हातून काढून घेतला आणि मिटला. आता हा टोमणा मारणार, याची मी वाट बघत होते. त्याने चहा केला, मी तो पिईपर्यंत शेजारी बसला, आणि सही न करताच निघून गेला.

काल तो परत आला, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, पोटाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून. आत वाटणीची कार्डे होती. त्याच्या बायकोने जागा नाही म्हणून तो डबा चुलीवरच्या माळ्यावर टाकला होता, धुरावर सुकत ठेवलेल्या बियाण्याच्या काकड्यांशेजारी, आणि पोरे हवे तेव्हा उतरवून खेळत होती. कार्डे धुराने तपकिरी झाली आहेत. मी एकेक हातात घेऊन बघितले. मिशीवाला नव्हता, तो अजून धारवाडलाच असेल.

"खेळून खेळून कोपरे गेल्यात," गुरुदास म्हणाला, "पर तोंडं हाईत बघ समद्यांची."

मग त्याने डबा माझ्याकडे सरकवला आणि तो माझ्या नावावर लिहायला सांगितले, म्हणजे माझे कलम रिकामे दिसणार नाही.

सबब, तो डबा मी स्वीकारला असून आजपासून तो माझा आहे. माझ्या पश्चात तो सर्व कार्डांसह माझा भाऊ गुरुदास तुकाराम मिराशी याला द्यावा. अट एवढीच की कार्डे प्लॅस्टिकमध्ये घालू नयेत आणि मागेल त्याला खेळायला द्यावीत, हात न धुता. माझ्या अल्बममधले कोरे झालेले पुठ्ठे स्नेहाला. ती चित्रे बरी काढते. मागे आकडे आहेतच, पुढे तिने हवे ते चेहरे काढावेत. अनिकेत यांना कुणीतरी फोन करावा. त्यांना धक्का बसेल. मी अजून त्यातून बाहेर आलेली नाही.

मी परत आले तर पहिली थापटी माझी.

आज सकाळी हे कलम वाचून दाखवले तेव्हा गुरुदास म्हणाला, "माझंच मला देतीयास व्हय?" मी हो म्हटले. त्याने सहीसाठी पेन मागून घेतले.

लिहून देणार: सुनयना तुकाराम मिराशी (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. लक्ष्मण गावडा (सही). शिडी आज परत आली, म्हणून कलम ३ मधले तिचे वाक्य रद्द.

२. गुरुदास तुकाराम मिराशी. हे नाव मी स्वतः खोडले असून खोडलेल्या जागी माझी सही आहे. तो पेन उघडून बसला होता. आता त्याला काही मिळणार आहे, त्यामुळे त्याची साक्ष चालणार नाही.

२. सुमंगला नायक, शिक्षिका (सही). गुरुदासने हाक मारून बोलावले म्हणून आल्या.

ठिकाण: कॅसलरॉक
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५