पोथीतला कात

१७ जून १९७४. पहाटे ५.
आजपासून रोजनिशी. आजपासून पान बंद. आजपासून रोज पहाटे दोन तास अभ्यास. शिराळ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होऊन पाच महिने झाले, वाचनालयाचा वर्ग अजून ‘ड’च. पुढच्या महिन्यात तपासनीस साहेब येणार. ‘क’ मिळाला तर कमिटी मला कायम करणार. नाही तर परत सांगलीला, मेहुण्याच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला. तशी वेळ येणार नाही. मी सहा आठवड्यांचा कोर्स केलेला माणूस आहे.

सकाळी १०.
परत झोप लागली. हवाच तशी आहे. पान एकच खाल्ले, पचनासाठी.

२० जून.
हस्तलिखित विभाग स्थापन केला. हस्तलिखिते एकूण एक. गावातल्या साळूबाईंच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नागोबाची कहाणी, पाने चौसष्ट. साळूबाई देईनात. म्हणाल्या, मामंजींच्या हातचं येवढंच ऱ्हायलंय घरात, आन् पंचमीला गल्लीतल्या बायका ऐकाय येत्यात. मी शब्द दिला, शास्त्रीय पद्धतीने जतन करून पंचमीला घरपोच आणून देतो, अजून शंभर वर्षे टिकेल. त्या म्हणाल्या, शंभराचं ऱ्हाऊ द्या मास्तर, पंचमीपतूर टिकली तरी लय झालं. खेडवळ विनोद.

२२ जून.
‘पोथ्यांची निगा’ नावाची पुस्तिका पोस्टाने आली. पान सहा : ‘कसर लागू नये म्हणून पोथीत कात ठेवावी.’ ठेवावी म्हणे. कात पुल्लिंगी. तो कात. ‘ठेवावा’ हवे. व्याकरणात मी हायस्कूलला पहिला होतो. लाल पेनाने दुरुस्ती केली आणि प्रकाशकांना कार्ड टाकले.

२३ जून.
याकूबला कात आणायला सांगितले. याकूब म्हणजे आमचा शिपाई आणि बाईंडर. वीस वर्षे इथे आहे, कोर्स नाही. म्हणाला, इकत कशाला साहेब, बांधावर लय पडलीया, चार हात लांब, अखंड आणून देतो. चार हात लांब कात. कोणती वस्तू कशात मोजतात तेही या माणसाला ठाऊक नाही.

शेवटी मीच गेलो. अर्जुनाच्या पानपट्टीवरून शंभर ग्रॅम आणला, एक नंबर माल. त्याने विचारले, चुना किती देऊ. चुना अर्थातच नको. पोथीत कोणी चुना घालते काय? मी अडाणी नाही. (तिथपर्यंत गेलोच होतो म्हणून एक पान.)

२४ जून.
चौसष्ट पानांत चिमूट चिमूट कात पेरला. याकूब मध्येच म्हणाला, साहेब, ह्यो न्हवं, ती कात. मी म्हटले, लिंग मला शिकवू नकोस. खोलीला मंद सुवास येतो आहे. कसरीची आता धडगत नाही.

२ जुलै.
अभ्यास उद्यापासून. गजराचे घड्याळ झोपेत बंद करतो, असे खोलीमालकांचे म्हणणे. घड्याळच बिघडले असावे.

९ जुलै.
साहेबांची तारीख आली, २२ जुलै. तातडीने सगळ्या खोलीला आणि पोथीच्या कपाटाला आतून-बाहेरून पांढराशुभ्र चुना मारून घेतला. याकूब म्हणाला, पावसाचं वाळायचं न्हाई ते. या माणसात उमेद म्हणून नाही. संध्याकाळी पोथी कपाटात परत ठेवली.

१५ जुलै.
सहा दिवस सूर्य नाही. भिंतींना घाम. पाने : चार (दिवसाला).

१९ जुलै.
पोथी उघडली. लाल. पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल, रंगलेल्या विड्यासारखी. फुंकून पाहिले, लाल जाईना. पण थोड्या वेळाने उलगडा झाला. जुने लोक लाल शाई वापरत. काळ्या अक्षरांखाली दुसरा, अधिक प्राचीन मजकूर असणार आणि तो माझ्या प्रक्रियेने वर येत असणार. शोधनिबंध लिहिला पाहिजे. पाने मात्र एकमेकांना चिकटली आहेत.

२२ जुलै. दुपारी.
साहेब येऊन गेले. पोथी हातात घेतली, वास घेतला, बोट लावले. बोट लाल झाले. मी सगळी प्रक्रिया समजावून सांगितली, पुस्तिका दाखवली. त्यांनी पान सहा वाचले, माझी दुरुस्तीही वाचली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. याकूबने कोपऱ्यातून एक कागदाची गुंडाळी आणली आणि टेबलावर सोडली. सापाची कात. चार हात लांब. अखंड.

साहेब चहा न घेता गेले.

२३ जुलै.
ताप आला आहे असे साळूबाईंना कळवावे काय? सांगलीची एसटी सव्वानऊला होती. स्टँडवर जाऊन आलो. याकूब दिवसभर ओलसर फडके घेऊन एकेक पान सोडवत होता. सत्तेचाळीस सुटली. बाकीची गेली. मला रागे भरला असता तर बरे झाले असते.

२४ जुलै. नागपंचमी.
पोथी घेऊन साळूबाईंकडे गेलो. रस्त्यात वाजतगाजत नाग चाललेले, घरात बायका दाटीने बसलेल्या. साळूबाईंनी रुमाल सोडला. अक्षरांवरून बोट फिरवले. लाल डाग पाहिले. मी माफी पाठ करून गेलो होतो, पहिले वाक्यच विसरलो. त्यांनी पोथी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, मामंजी पान लय खायाचे, त्यांचाच वास आला बगा.

मग पोथी मांडीवर घेऊन सगळी कहाणी सांगितली. त्यांना वाचता येत नाही. सगळी तोंडपाठ. जे पान आता नाही, त्या ठिकाणीही पान उलटल्यासारखा हात करत होत्या. मला फार लाज वाटली. हे इथे दुसरे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

३० ऑगस्ट.
रिपोर्ट आला. वर्ग ‘ड’. शेरा : ‘हस्तलिखित विभाग याकूब यांजकडे द्यावा. ग्रंथपालांनी त्या कपाटापासून लांब राहावे.’ कमिटी मला घालवणारच होती. याकूबने शब्द टाकला, म्हणून सहा महिने मुदत. आजच प्रकाशकांचेही कार्ड आले : ‘आपली सूचना मिळाली. आपण नागांच्या शिराळ्यात राहता, याचे नवल वाटले.’

१ सप्टेंबर.
साळूबाईंनी बोलावून घेतले. त्या सांगणार, मी नव्या वहीत उतरवून घेणार. पुढच्या पंचमीच्या आत पुरी चौसष्ट पाने. रोज चार पानांचा संकल्प. खायची नव्हे, लिहायची.

८ सप्टेंबर.
एकूण पाने तीन. आज वाक्य आले, ‘मग नागोबानं कात टाकली.’ टाकली, असेच लिहिले.