जीवनवादी म्हणे!

वेलचेरी, ७ जून

ती. विजयलक्ष्मी अक्कास,
शेषाद्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतेस, म्हणून पत्र. माझी लेक लावण्या तुझ्याकडे येऊन बसलीय आणि येत्या गुरुवारी गर्भपात करून घेणार, हे मला जावयाकडून कळावं? तिची अनन्या आठ महिन्यांची, हे दुसरं लवकर आलं, कबूल. पण मी आमच्या कॉलनीतल्या प्रो-लाइफ मंडळात आहे. दर रविवारी पत्रकं वाटतो. लोकांना काय तोंड दाखवू? तिला समजाव.

शिवाय, आता तमिळखेरीज इथल्या आपल्या मराठी लोकांसाठीही पत्रक काढतोय. प्रो-लाइफला ‘जीवनवादी’ लिहिलंय. तू शाळेत शिकवलंयस, बरोबर आहे का कळव.

लोभ हवा, ओरडा नको.
शेषाद्री

तिरुवल्लिकेणी, ९ जून

चि. शेषाद्रीस अनेक आशीर्वाद.

जीवनवादी म्हणे! मग आम्ही उरलेले कोण, यमाचे कारकून? अनन्याच्या वेळी रक्त थांबेना, तेव्हा माझी पोर वाचवा म्हणून डॉक्टरीणबाईंच्या पाया पडलास. त्याच बाई आता सांगताहेत, इतक्यात दुसरं बाळंतपण हिला झेपायचं नाही. मग लावण्याचं जीवन तुझ्या पत्रकात कुठे बसतं?

‘गर्भपातविरोधी’ लिही. विरोध करायला कुणाची बंदी नाही. पण जीवनाचा मक्ता एकट्याने घेऊ नकोस. आणि मराठी पत्रक वाचणार कोण? आपण सहा जण, त्यातल्या दोघांना चष्मा सापडत नाही.

सही तिची एकटीची लागते, परवानगी तुझी नाही. तिला एवढंच हवंय की गुरुवारी अनन्याला तू सांभाळावंस. तू नाही म्हणशील या भीतीने पोर जेवत नाही. हे पत्र गिरीधरच्या हाती देते. जावयासमोर तरी शहाण्यासारखा वाग.

लोभ आहेच, वाढवायला सध्या सवड नाही.
अक्का

वेलचेरी, १० जून

ती. अक्कास सा. न.

तुझा शब्द घातला. मंडळवाले चिडले, म्हणतात, भांडखोर वाटतो. मी म्हटलं, माझी अक्का भेटलेली नाही तुम्हाला.

माझं मत बदललेलं नाही. इस्पितळात मी येणार नाही, मला समजावायला कुणी बसू नये. गुरुवारी सकाळी येऊन अनन्याला नेतो. तुझ्याकडे जिने फार. संध्याकाळी गिरीधरने लावण्याला इथेच आणावं. तिची खोली झाडून ठेवलीय. पत्रकांचे गठ्ठे तिथे होते, ते बाहेर काढले.

तिला म्हणावं, आधी जेव.

रागावलेला,
शेषाद्री